पहिल्यांदा किल्ली काढा

उज्ज्वलाबाई, पहिल्यांदा चकमधली किल्ली काढा.
बटण नंतर.
विसरलेली किल्ली कुठवर उडते
ते वर पत्र्यातल्या खळग्याला विचारा.

बांगड्या काढल्यात, बरं केलंत.
पदर घट्ट खोचा. हातमोजे मात्र नकोत,
एक धागा अडकला की लेथ अख्खा हात मागते
आणि तिला नाही म्हणता येत नाही.

हे पितळ आहे.
पोलादाचं टूल याला लावू नका, धार वरून सपाट हवी,
नाहीतर ते टूलला आत ओढतं,
पहूरची मावशी पाहुण्याला ओढते तसं.
बीड कोरडंच कापायचं. हात काळे होतील,
उद्या पोस्टात शिक्के मारताना लोक विचारतील,
विचारू द्या.

माप चुकून पुढे गेलात
तर उलट फिरवून थेट रेघेवर थांबायचं नाही.
अर्धा फेरा जास्त मागे जा, आणि पुन्हा पुढे या.
स्क्रूत रिकामी चाल असते,
या माझ्या जुन्या लेथला तर चांगल्या सहा रेघा.
यायचं ते कायम एकाच बाजूनं.

वीज गेली तर आधी टूल मागे घ्या,
मग बटण बंद करा,
मग मेणबत्ती.
येताना ती विचारून येत नाही.

आणि मे महिन्यात दुपारचं माप खरं मानू नका.
पंचेचाळीस डिग्रीत शेंदुर्णीचा माणूस सुजतो,
पितळानं काय करावं?
परवा पिस्टन जाईना म्हणून तुम्ही पॉलिश पेपर उचललात
आणि मी ओरडलो. चुकलंच माझं.
पण सिलिंडर होता माठाखालच्या गार फरशीवर
आणि पिस्टन नुकताच चकमधून निघालेला, ऊन ऊन.
घाई कायले, माय?
दोघांना एका ताटात ठेवलं रात्रभर.
पहाटे पाचला गेला की नाही,
खालचं भोक बोटानं दाबलं तर अर्ध्यातच अडला,
बोट काढलं तसा हवा सोडत हळूच उतरला.
तुम्ही तेव्हा हसलात.
तो एक शतांश मिलिमीटर होता, बाई,
पॉलिश पेपरनं कायमचा गेला असता.

आता टॅप. तीन मिलिमीटरचा, काडीसारखा.
अर्धा फेरा पुढे, पाव मागे, थेंबभर तेल.
करकर ऐकू आली की थांबा,
जोर हा कानाला विचारून लावायचा.
माझा पहिला टॅप भोकातच मोडला त्या रात्री
मी जेवलो नाही.
बायको म्हणाली, कोण गेलं?

खिडकीतल्या बिस्किटाच्या डब्यात
माझे बिघडलेले सिलिंडर आहेत, अकरा.
तुमचे दोनच झालेत. डब्यात जागा आहे.

ड्रॉइंग तीनदा पाहिलं मी,
त्यात कुठेच नाही तो खिळा
ज्याला तुमचे वडील डबा अडकवत,
पाचोरा-जामनेर गाडीवर फायरमन असताना.
तुम्ही म्हणालात, डावीकडे, खांद्याच्या उंचीला,
कोळशाची धग लागायची म्हणून भाजी गरम राहायची.
मग डावीकडे.
किती मिलिमीटर, ते विचारू नका.
तिथे मायक्रोमीटर लावायचा नाही.
पितळी तार वाकवा, धरून बघा,
वाटलं की झालं, झालं.

चाकं पुढच्या रविवारी.
फवारणीचा पंप आणतो भाच्याकडून, हवेवर चालवून पाहू.
पहिल्या झटक्याला नाही फिरणार,
फ्लायव्हीलला बोट लावावं लागेल, सगळ्यांनाच लागतं.

बुरादा ब्रशनं झाडा, हातानं नाही,
फुंकर तर मुळीच नको, डोळ्यात जातो.
पितळेचा वेगळ्या डब्यात.
भंगारवाला बरा भाव देतो,
त्यात अर्धा वाटा तुमचा.